शेजाऱ्यांना ख्रिस्ताबद्दल सांगायचं, पण दोष न लावता. नेमकं कसं?

राजारामपुरी_युवक
नमस्कार. आमच्या युवक संघात यावरून दोन गट पडलेत. एक म्हणतो, पत्रकं वाटा, ‘मूर्तिपूजा सोडा नाहीतर नरक’ हे तोंडावर सांगा. दुसरा म्हणतो, आधी ओळख वाढवा. पण म्हणजे करायचं काय? गल्लीत सगळी हिंदू घरं, गणपतीत आरतीला बोलावतात, प्रसाद देतात. जाणत्यांनी सविस्तर सांगावं.

वचन_अभ्यासक
पहिल्या गटाला बायबलातला योहान ४ वाचायला द्या. शोमरोनी बाईशी येशूचं बोलणं सुरू होतं ते तिच्याकडे पाणी मागून. तिच्या पाच नवऱ्यांचा विषय नंतर निघतो, तोही एकांतात. शिष्य तेव्हा अन्न विकत आणायला गावात गेलेले असतात. लूक १९ मध्ये तो जक्कय नावाच्या जकातदाराकडे पाहुणा म्हणून उतरतो आणि लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा जक्कय आपण होऊन काढतो. अथेन्समधल्या मूर्ती बघून प्रेषित पौल आतून संतापला होता, तरी भाषणात आधी त्या लोकांच्या धर्मशीलतेची दखल घेतो, त्यांच्याच कवींचा दाखला देतो. कुणीच सत्य लपवलेलं नाही, क्रम तेवढा वेगळा आहे.

‘तुमचा देव खोटा’ म्हटलं की समोरच्याला त्यात आपली आजी, आपला जोतिबा, आपलं घराणं यांचा अपमान ऐकू येतो. मग तो घराची बाजू घेऊन उभा राहतो आणि ख्रिस्ताचा विषय तिथंच मिटतो.

कंपाउंडातली_ताई
भावा, दोन-तीनच घरं धर, पन्नास नको. नुसतं देत राहू नको, मागायलाही जा: शिडी, गाडी, मुलाच्या शाळेची चौकशी. कायम मदत करणाऱ्यापुढं माणूस अवघडतो.

आजारपणात डबा ने आणि विचार, “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” नाही म्हणाले तर विषय बंद. हो म्हणाले तर अर्धा मिनिट, घरच्या बोलीत, त्यांच्या अडचणीचं नाव घेऊन. “प्रभू, यांचे डोळे उघड” असलं काही नको. ते देवाला नाही, त्यांना ऐकवलेलं असतं आणि त्यांना ते कळतं. न विचारता डोक्यावर हात ठेवायचा नाही. औषध बंद करा असं तर कधीच म्हणायचं नाही. आठवड्यानं “आईंचा रिपोर्ट काय आला?” हे विचारायचं. बहुतेक जण इथंच चुकतात, प्रार्थना करून विसरतात.

तुझ्या विश्वासाबद्दल त्यांनी विचारलं तर तीन मिनिटांत सांग आणि थांब. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, पण सौम्यतेनं. वाचायला मागितलं तर अख्खं बायबल हातात ठेवू नको. त्यातलं मार्कचं शुभवर्तमान दे, १६ अध्याय आहेत. एका बैठकीला एक अध्याय, आणि “यात येशू कसा वाटला?” एवढाच प्रश्न.

फी, नोकरी, धान्य यातलं काहीही श्रद्धेशी जोडायचं नाही. आईवडिलांना न विचारता मुलांना पुस्तक नाही. घटनेच्या कलम २५ नं धर्मप्रसाराचा हक्क दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच सांगितलंय.

पंचगंगा_काठ
ताईंचं पटलं, एक भर घालतो. मैत्रीचा गळ करू नका. हा माणूस कधीच ख्रिस्ती होणार नाही हे आज कळलं, तरी त्याच्या वडिलांच्या तेराव्याला जाल का? नसाल जाणार, तर ती मैत्री नव्हेच. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. खुद्द घरात एवढी वर्षं गेली, शेजाऱ्याला सहा महिन्यांची मुदत कशाला?

राजारामपुरी_युवक
आभारी आहे. आरती आणि प्रसादाचं राहिलं.

कंपाउंडातली_ताई
१ करिंथ १०:२७-२८ बघ. जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको, आणि तेही त्या माणसाचा विचार करून. आपल्याकडं प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात, त्यामुळं बरेच ख्रिस्ती घेत नाहीत. तुमच्या पाळकांशी बोलून एकदा ठरव. नाही म्हणायचं असेल तर ताट पुढं आल्यावर, चारचौघांत नको. आठवडाभर आधी घरच्या माणसाला एकट्यात सांग: “काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका. आरती झाली की येतो, चहा मात्र तुमच्याकडंच घेणार.” आणि मंडळाचं रक्तदान शिबिर असलं तर नाव पहिल्या दिवशीच दे.