मामांनी रील बघून सोरायसिसची गोळी बंद केलीय, कसं समजवू?

सोलापूरची_पोर:
मामांना बरीच वर्षं सोरायसिस आहे, कोपरं, गुडघे, डोक्यात, पापुद्रे पडतात म्हणून काळा शर्ट घालतच नाहीत. स्किनवाल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलेली, आठवड्यातून एकदा, फरकही चांगला होता. मग कुठलंतरी रील बघितलं की ही कॅन्सरची गोळी आहे, लिव्हर खलास करते, झालं, बंद! वर त्याच पेजवाल्याकडून कुरिअरने पावडर मागवलीय, पुडीवर ना कंपनीचं नाव ना लायसन नंबर, नुसतं 'मुळापासून बरं'. आणि चारपाच दिवसांत खाज थांबली ना, त्यामुळे आता कुणाचं ऐकतच नाहीत, मामी पण त्यांच्याच बाजूने. काय करू?

मेडिकलवाला:
चारपाच दिवसांत खाज गेली हेच खटकतंय. असल्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पोटात गेलं की छान वाटतं आणि अचानक सोडलं की सोरायसिस असा उसळतो की अंगभर लाल, पुवाचे बारीक फोड, ॲडमिट करायची पाळी येते. म्हणून तुम्ही घरच्या घरी पावडर हिसकावून घेऊ नका, पुडीसकट लगेच डॉक्टरकडे न्या आणि शुगर-बीपी आजच बघा, स्टिरॉइडने ते वाढतं.
गोळी कॅन्सरमध्ये वापरतात हे खरंय पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो, सोरायसिसला साधारण साडेसात ते 25 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. लिव्हरला जपावं लागतं म्हणून तर सीबीसी-एलएफटी म्हणजे रक्ताची आणि लिव्हरची तपासणी करायला लावतात, दारू बंद सांगतात. आणि हो, राहिलेल्या गोळ्या रोज घेऊन भरून काढतो असलं काही करू देऊ नका, जिवावर बेततं.

अण्णा_सांगली:
दूध आणि मासे एकत्र खाणं बंद करा, आपोआप जाईल.

खवलेकर:
अण्णा, मी जन्मात मासा खाल्ला नाही तरी मला आहे 😄
ताई, असल्या पेजवरच्या आधी-नंतरच्या फोटोंची गंमत सांगतो. आधीचा फोटो थंडीतला असतो, नंतरचा मे महिन्यातला. ऊन लागलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तसंही कमी होतं, मी तर दरवर्षी 'बरा' होतो. पण मामांना एकदम खोटं पाडू नका. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, आणि तिथे कमेंटमध्ये आपल्यासारखेच पापुद्रेवाले भेटतात, माणूस तिकडेच वळणार ना. मला पण फोटोथेरपी, म्हणजे मशीनच्या प्रकाशाने उपचार, असते हे फेसबुकवरच कळलं, आणि सकाळी बोटं आखडतात तेही सोरायसिसचंच असू शकतं हे पण, पण ते विचारायला गेलो डॉक्टरकडेच, आणि तिथे कुणी पावडर विकत नव्हतं. मामांचे सांधे दुखतात का ते विचारा.

सोलापूरची_पोर:
जेवणानंतरची शुगर 240 आली, आधी कधीच नव्हती. बोटांचं विचारलं तर म्हणे वयाने होतंय. उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय, मामी तयार झाली कारण त्या पेजवर मामांच्या पाठीचा फोटो न विचारता टाकलाय, खाली 'पूर्ण बरे' लिहून. पाठीला तर कधी नव्हतंच!