शब्दचर्चा : ‘नैराश्य’, ‘स्वीकार’ आणि ‘लेकरू आलं’

मूळ प्रश्न (समुपदेशक, ग्रामीण दवाखाना, यवतमाळ जिल्हा)

आमच्याकडे येणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नैराश्यावरील उपचारांची माहिती देणारे चार पानांचे पत्रक मी लिहीत आहे. वैद्यकीय मजकूर डॉक्टरांनी तपासून दिला आहे. मी अडले आहे ती शब्दांवर. एखाद्या चुकीच्या शब्दामुळे पत्रक पहिल्या ओळीलाच घडी घालून ठेवले गेले, तर आतल्या माहितीचा कोणालाच उपयोग होणार नाही, म्हणून येथे विचारीत आहे.

पहिला प्रश्न, व्यक्तीला काय म्हणावे. गावात ‘किन्नर’ हा शब्द हिंदीच्या वाटेने रुळला आहे, वर्तमानपत्रे ‘तृतीयपंथी’ लिहितात, या व्यक्तींच्या हक्कांसाठी झालेल्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी’ आहे, आणि मी वर वापरलेला ‘पारलिंगी’ हा शब्द आमच्या तालुक्यात अजून फारसा कोणी ऐकलेला नाही. दुसरा प्रश्न ‘नैराश्य’ या शब्दाचा. तो उच्चारला की समोर बसलेली आई दचकते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तिसरा ‘स्वीकार’चा. ‘कुटुंबाचा स्वीकार’ असे शीर्षक मी लिहिले, तेव्हा आमच्या परिचारिका ताईंनी विचारले, “म्हणजे कुटुंबाने कोणाला स्वीकारले, की कोणी कुटुंबाला?” मला लगेच उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, अमरावती जिल्हा)

ताई, ‘तृतीयपंथी’पासून सुरुवात करतो. पंथ म्हणजे वाट, आणि त्या वाटेने जाणाऱ्यांचा समुदाय. रिद्धपूरच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘पंथ’ म्हटले की महानुभाव पंथ आठवतो, आणि पंथात माणूस उपदेश घेऊन प्रवेश करतो. गुरू आणि चेले असलेल्या घराण्यांत जे राहतात, त्यांच्या जीवनपद्धतीला हा शब्द बऱ्यापैकी लागू पडतो. परंतु दहावीत शिकणारे, आईबापांच्या घरी राहणारे, स्वतःची ओळख अद्याप कोणाला न सांगितलेले मूल कोणत्याही पंथात गेलेले नसते. शिवाय ‘तृतीय’ हा क्रमांकही प्रत्येकाला मान्य असेल असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली, त्याच निकालात स्वतःला पुरुष, स्त्री किंवा तृतीय लिंगी म्हणून ओळखण्याचा निर्णय त्या व्यक्तीचाच असल्याचेही मानले. जी स्वतःला स्त्री म्हणते, तिला तिसऱ्या रांगेत बसवण्याचा अधिकार आपल्या शब्दालाही नसावा.

‘उभयलिंगी’ हा शब्द मी वर्गात वर्षानुवर्षे ऐकला, तो विज्ञानाच्या तासाला: पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असलेली जास्वंद उभयलिंगी. शब्दाचा तो अर्थ मुलांच्या मनात पक्का बसलेला असतो, त्यामुळे माणसासाठी तो वापरला की वाचक शरीररचनेचा विचार करू लागतो आणि ओळखीचा मुद्दा बाजूला पडतो. पुन्हा, स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसाठीही हाच शब्द काही जण वापरतात. इतका गोंधळ एका पत्रकाला पेलणार नाही.

‘पारलिंगी’तला ‘पार’ म्हणजे पलीकडे, जसा तो ‘पारपत्रा’त आहे. आपल्याकडे पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा, आणि ‘कपाशी पार वाळली’ यात पार म्हणजे पूर्णपणे, त्यामुळे प्रथम ऐकणाऱ्याला शब्द उलगडणार नाही, हे खरे. तरीही मी हाच शब्द सुचवीन, कारण त्याला अजून कोणी शिवी म्हणून वापरलेले नाही. पहिल्यांदा येईल तेथे एक सरळ वाक्य जोडावे: ‘जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद झाली, तिच्याहून जिची स्वतःची ओळख वेगळी आहे, अशी व्यक्ती.’

प्रतिसाद (वार्ताहर, वर्धा जिल्हा)

‘नैराश्य’ ऐकून आई का दचकते, याचे उत्तर माझ्या व्यवसायाकडे आहे आणि ते देताना मला अपराधी वाटते. ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून, नैराश्यातून’ हे शब्द आम्ही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत इतक्या वेळा लिहिले की त्यांचा साचाच झाला. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्या काळात तर आठवड्यात अनेकदा ही शब्दयोजना छापली जात असे. परिणाम असा झाला की खेड्यातल्या वाचकाने हा शब्द आजाराचे नाव म्हणून ओळखलाच नाही. मृत्यूच्या बातमीतले कारण म्हणूनच ओळखला. तुम्ही “तुमच्या मुलाला नैराश्य आहे” म्हणता, तेव्हा त्या माउलीच्या कानावर पुढची ओळ आपोआप पडते. म्हणून हा शब्द टाळू नये, पण त्याच्या शेजारी ‘बरा होणारा आजार’ हे शब्द नेहमी असावेत, अशी विनंती आहे. सवय लावली तशी ती मोडावीही लागेल.

प्रतिसाद (पारलिंगी स्त्री, वर्धा जिल्हा)

मी स्वतः या उपचारांतून गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा मी ‘करमत नाही’ एवढेच सांगितले. हा शब्द अपुरा आहे, हे मला नंतर कळले. करमत नसेल, तर चार माणसांत गेल्यावर करमू लागते. सासरहून आलेली लेक माहेरी दोन दिवसांत रमते. माझे तसे नव्हते. माणसांत गेले तरी काही आत पोहोचत नव्हते, पहाटे तीनला जाग येत होती, तूर सोंगणीच्या दिवसांत सारे घर शेतात असताना मी भिंतीकडे तोंड करून पडून राहत होते, आणि ‘जीव नको झाला’ हे मी मनात रोज म्हणत होते. पत्रकात या दोन शब्दांतला फरक अवश्य सांगा. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, ताकद, लक्ष यांत बिघाड होणे, याला डॉक्टर नैराश्य म्हणतात, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी लवकर गेले असते. आणखी एक: आमच्याकडे मनाच्या प्रत्येक औषधाला ‘झोपेची गोळी’ म्हणतात, आणि ‘त्याची सवय लागते’ म्हणून बाबांनी माझी चिठ्ठी दोनदा लपवली. नैराश्यावरची नेहमीची औषधे झोपेच्या गोळ्या नसतात, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करायची नसतात, हे मोठ्या अक्षरांत छापा.

आता तिसऱ्या शब्दाविषयी. ‘स्वीकार’ हा शब्द माझ्या आईच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अर्ज स्वीकारतात, राजीनामा स्वीकारतात. माणसाचे तसे होत नाही. माझ्या घरी जे घडले ते क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात घडले. आमच्या बोलीत वर्तमानकाळ दयाळू आहे: ‘तो येते’, ‘ती येते’, दोन्हींना एकच रूप. आई शेजारणीला ‘उशिरा उठते’, ‘शिलाई शिकते’ असे सांगायची आणि त्यात कोणाला काही वेगळे जाणवत नसे. अडचण भूतकाळात होती. ‘आला’ म्हणावे तर माझा चेहरा पडायचा, ‘आली’ म्हणावे तर तिची जीभ वळत नसे. मग तिने ‘जेवला का?’ हा प्रश्न सोडून दिला आणि ‘जेवण झालं का?’ असे विचारू लागली. काही महिन्यांनी मी बाजारातून परतले, तेव्हा ओसरीवरून तिने आत सांगितले, “लेकरू आलं.” त्या दिवशी मी पोटभर जेवले, हे मला अजून आठवते. ‘आली’ हा शब्द त्यानंतर दीड वर्षाने आला.

प्रतिसाद (पारलिंगी पुरुषाची बहीण, वाशिम जिल्हा)

वरचे वाचून डोळे भरून आले, परंतु ‘लेकरू’ हा शब्द पत्रकात सरसकट सुचवू नये, असे मला वाटते. माझा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, घरची शेती तोच पाहतो. त्याला आईने लेकरू म्हटलेले चालते. सरकारी कचेरीतील माणसाने ‘ते आलं’ म्हटले, तेव्हा तो कागद न घेता परत आला होता, कारण ‘ते आलं’ असे आपण वासराविषयीही बोलतो. नपुंसकलिंगातली माया बोलणाऱ्याच्या नात्यावर अवलंबून आहे. नाते नसेल तर तेच रूप अपमान होते.

आमच्या घरी बदल संबोधनात दिसला. वऱ्हाडीत बाईमाणसाला ‘वं’ आणि गडीमाणसाला ‘रे’ लागते. बाबा त्याला आधी ‘काहून वं’ म्हणत. एका पेरणीच्या दिवशी बैल जुंपताना घाईत त्यांच्या तोंडून ‘काहून रे’ निघाले आणि मग ते तसेच राहिले. कोणी त्यावर बोलले नाही. आणखी एक विनंती: पत्रकातील सर्व उदाहरणे पारलिंगी स्त्रियांची नसावीत. ‘तृतीयपंथी’ किंवा ‘किन्नर’ म्हटले की माझ्या भावासारखा माणूस कोणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही, आणि आपल्यासाठीही उपचार आहेत हे त्याला फार उशिरा कळले.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, अमरावती जिल्हा)

दोघींचे अनुभव वाचल्यानंतर ‘स्वीकार’च्या जागी बोलीतले कोणते शब्द येतात, ते तपासून पाहिले. ‘पोटात घालणे’ नको, कारण पोटात अपराध घालतात. ‘पदरात घेणे’ यात परक्याचे मूल आपले करण्याची छटा आहे, आणि येथे मूल परके नाही. ‘घरात घेणे’ हा आपल्या भागातील सर्वांत प्रचलित प्रयोग; त्याची दुसरी बाजू मात्र ‘वाळीत टाकणे’ ही आहे, म्हणजे घरात घेणाऱ्याने उपकार केला असे त्यातून ध्वनित होते. वस्तुतः २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीला आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि केवळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. ज्याचे घर आहेच, त्याला घरात कसे घेणार? मी ‘घरच्यांची साथ’ असे शीर्षक सुचवितो.

‘उपचार’ या शब्दातही एक खाच आहे, तिकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘पोराचा इलाज करा.’ षष्ठीच्या या ‘चा’मध्ये इलाज कशावर, हे लपून जाते. आईबापांच्या मनात इलाज ओळखीवर असतो, मुलाच्या मनात उदासीवर, आणि दोघेही एकच वाक्य बोलून एकाच बसने तालुक्याला येतात. म्हणून पत्रकात सर्वत्र ‘नैराश्यावर उपचार’ अशी ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाची रचना ठेवावी.

समुपदेशक (मूळ प्रश्नकर्ती)

गुरुजी, ‘चा’ आणि ‘वर’ यांतील फरक मी रोज डोळ्यांनी पाहत होते, पण त्याचे व्याकरण मला दिसले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात पारलिंगी ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलेली आहे. आणि ओळख बदलण्यासाठी केले जाणारे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळविले आहे. ही दोन्ही वाक्ये आता ‘उपचार कशावर?’ या शीर्षकाखाली येतील. त्याखाली घरच्यांसाठी एक वाक्य घातले आहे: ‘मुलाची ओळख हा आजार नाही, घरात रोज होणारा अपमान, मारहाण आणि एकटेपणा यांमुळे जडलेले नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो.’ टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीत बोलता येते या सूचनेसह पहिल्या पानावर आहे.

‘लेकरू’ मी आईवडिलांच्या पानावर ठेवत आहे, तेही आईच्या तोंडचा शब्द म्हणून. राहिला चिठ्ठी काढण्याच्या खिडकीचा प्रश्न. तेथील कर्मचाऱ्याने ‘आला’ म्हणावे की ‘आली’?

प्रतिसाद (पारलिंगी स्त्री, वर्धा जिल्हा)

“तुम्ही कधी आलात?” असे विचारावे. ‘आलात’ या रूपात स्त्री-पुरुष भेद नाही आणि मान आहे. त्यानंतर आम्हीच सांगतो, “मी सकाळी आली” किंवा “मी सकाळी आलो”. त्यापुढे कर्मचाऱ्याने तेच रूप धरावे आणि चिठ्ठीवर आम्ही सांगू ते नाव लिहावे.