अनुभव धागा: दमवणारं पिल्लू आणि त्यातून घडलेला कुत्रा

घरात पिल्लू आलं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग ते पोटऱ्यांना लटकायला लागतं, रात्री रडतं, नुकत्या पुसलेल्या फरशीवर पुन्हा शू करतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं की अंगात ताकद येते आणि कान मात्र बंद होतात. पिल्लू दुसऱ्या कोणाला देऊन टाकावं का, हा विचार बहुतेकदा याच वयात डोकावतो.

हा धागा सध्या त्या टप्प्यातून जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी असं अवघड पिल्लू धीराने मोठं केलं, त्यांनी लिहा. काय केलंत ते थोडक्यात, पण पुढे काय मिळालं ते हात आखडता न घेता सांगा. कसं शिकवायचं याची माहिती भरपूर मिळते. तीन-चार वर्षांनी तोच कुत्रा कसा असतो, हे ज्याच्या घरी तो आहे त्यालाच माहीत असतं.

सुरुवात मी करते.

आमची लॅब्रडॉर आता पाच वर्षांची आहे. ती आली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती, म्हणजे आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर तोडलेली. दात किती जोरात लावायचे हे पिल्लं एकमेकांशी मस्ती करतानाच शिकतात. जोरात लागलं की समोरचं पिल्लू कोकलतं आणि खेळ थांबतो. हिचं ते शिक्षण राहून गेलं होतं. हात, बाह्या, पायजम्याची टोकं, दिसेल त्यात दात. मग भावंडांचाच नियम आम्ही घरात चालवला. दात लागले की खेळ संपला, माणूस उठून जाळीच्या पलीकडे. ओरडायचं नाही, मारायचं नाही आणि घरातल्या प्रत्येकाने तसंच वागायचं. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येईपर्यंत पिल्लू सहा-सात महिन्यांचं होतं आणि तोवर हिरड्या शिवशिवत असतात, म्हणून ओला फडका गोठवून चघळायला द्यायचो. आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. लहान पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. हिचा संध्याकाळचा चावरेपणा बराचसा अपुऱ्या झोपेचा होता. दुपारी पडदे ओढून तिला निजवायला लागलो आणि संध्याकाळी निवांतपणा मिळायला लागला.

आता काय मिळालं ते. माझ्या सासूबाईंना कंपवात आहे, हात सतत थरथरतो. रोज सकाळी हिला आपलं खाणं त्यांच्याच हातून हवं असतं, एकेक दाणा. ती समोर बसते, पण तोंड पुढे करत नाही. हात हलत असतो तोवर नुसती बघत राहते. तो क्षणभर स्थिरावला की मान लांब करून ओठांच्या टोकाने दाणा उचलते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. माणसाची कातडी नाजूक असते एवढंच आम्ही शिकवलं होतं, पुढचं तिचं तिने जोडून घेतलं. सासूबाई हल्ली दिवसभरात फारसं बोलत नाहीत. त्या वेळी मात्र तिच्याशी सलग बोलत असतात.

*

आमच्याकडे बीगल आहे. ज्यांनी बीगल पाळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वास लागला की त्याला हाक ऐकू येत नाही. हा हट्ट नव्हे. नाक जमिनीला लावून सशाच्या मागावर जावं यासाठीच माणसांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या तयार केली आहे. हे मनापासून पटलं आणि माझी चिडचिड निम्म्यावर आली.

बाहेर तो बराच काळ लांब दोरीवरच होता. त्याचं लक्ष जरा सैल झालेलं असेल तेव्हाच बोलवायचं, आला की सगळ्यात आवडता खाऊ द्यायचा आणि लगेच 'जा' म्हणून पुन्हा त्याच वासाकडे सोडायचं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'ये' म्हटलं की मजा संपते, असं त्याच्या डोक्यात बसू द्यायचं नव्हतं. आंघोळ, औषध, घरी परतणं यासाठी मी आजही 'ये' म्हणत नाही. सरळ जवळ जाऊन पट्टा लावतो.

तो तीन वर्षांचा असताना एकदा माळावर आमच्या पुढ्यातून ससा उठला. हा सुटला. मी एकदाच हाक मारली. तो थांबला. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाकपुड्या फडफडतायत, सगळं अंग सशाच्या दिशेने. आधी फक्त मान वळली, मग बाकीचा कुत्रा वळला. जवळ आल्यावर खिशात होता नव्हता तो सगळा खाऊ मी त्याच्यापुढे ओतला. याला आयुष्यभर पट्ट्यावरच ठेवावं लागेल असं मला अनेकांनी सांगितलं होतं. तो आज मोकळ्या जागी पोटभर हुंदडतो आणि मी निर्धास्त असतो. याहून जास्त काही मला नको होतं.

*

शी-शूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास ते धरू शकतं. दोन-तीन महिन्यांच्या जिवाकडून अख्ख्या रात्रीची अपेक्षा ठेवू नये. आणि अमोनिया असलेल्या द्रावणाने फरशी पुसू नका. त्याचा वास लघवीसारखाच येतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच जातं. एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचे घटक तोडून वास घालवणारं द्रावण वापरा.

आमचा आता आठ वर्षांचा आहे. मध्ये त्याचं पोट फार बिघडलं होतं. भर रात्री माझ्या पलंगाशी आला, नाकाने हात ढकलून मला उठवलं आणि दार उघडेपर्यंत पाय आवळून उभा राहिला. इतकं दुखत असताना त्याने ते पाळलं, त्याने माझं मन भरून आलं.

*

माझा अनुभव जरा वेगळा आहे. तुमच्या पिल्लांना निदान माणसं आवडत होती.

मला सापडली ती चार-पाच महिन्यांची होती आणि माणूस दिसला की थिजायची. पिल्लाचं जग ओळखीचं करून घेण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून, पारखून १९६५ मध्ये हे सविस्तर मांडलं. म्हणजे माझ्या हाती ती आली तेव्हा हे दार जवळपास लागलेलं होतं. त्यानंतर शिकवता येतं, पण फार हळू, आणि भीती पूर्ण जाईलच असं नाही.

छत्रीचं उदाहरण देते. छत्री उघडली की ती पलंगाखाली जाऊन लघवी करायची. म्हणून मिटलेली छत्री खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवली आणि खाऊ दुसऱ्या कोपऱ्यात. ती आपणहून जवळ येईल तसतसा खाऊ सरकत गेला. मग अर्धवट उघडलेली छत्री, मग जमिनीवर आडवी पडलेली उघडी छत्री. हातात धरून, तिच्या समोर, हळूहळू उघडण्यापर्यंत पोचलो तेव्हा पावसाळा येऊन गेला होता. तिला ओढून जवळ नेलं असतं तर ती छत्रीला भ्यायची ती मलाही भ्यायला लागली असती.

आजही ती सगळ्यांची लाडकी वगैरे नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत आपल्या अंथरुणावर जाऊन बसते, आणि मी कोणाला तिच्याजवळ जाऊ देत नाही. पण पूर्वी ती पळायची, हल्ली चालत जाते. वाटल्यास परत येऊन दारातून बघते. आणि ती आता उताणी झोपते, चारी पाय वर करून. मी शेजारून गेले तरी डोळे उघडत नाही. सुरुवातीची ती मी पाहिली आहे, त्यामुळे उताण्या झोपेचं मोल मला कळतं.

*

आठव्या महिन्यात कान बंद होतात असं सुरुवातीला लिहिलंय, त्यावर खरंच अभ्यास झालेला आहे. अंध व्यक्तींसाठी तयार केल्या जाणाऱ्या पिल्लांवर ब्रिटनमध्ये केलेलं संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पाच महिन्यांची असताना 'बस' ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात तेच ऐकेनाशी झाली, पण फक्त सांभाळणाऱ्या माणसाचं. अनोळखी माणसाने सांगितलं तर ऐकत होती. वर्षाची होईपर्यंत गाडी बरीचशी रुळावर आली.

माझा जर्मन शेफर्ड तेव्हा त्याच वयात होता. दुसरा कुत्रा दिसला की मागच्या पायांवर उभा राहून पट्टा ताणायचा, आणि खांदा निखळेल असं वाटायचं. ते वाचल्यावर मी त्याला नवीन काही शिकवणं थांबवलं आणि येत असलेलंच सोपं करून घेतलं. समोरून कुत्रा आला की रस्ता ओलांडायचा, लांबूनच बघू द्यायचं, बघून माझ्याकडे वळला की खाऊ. अंतर कमी करत न्यायचं, आणि त्याचा दिवस वाईट असेल तर पुन्हा वाढवायचं.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पस्तीस किलोंचा हा कुत्रा. घरच्यांचा विरोध होता. पण त्याने पट्टा एकदाही ताणला नाही. माझं पाऊल अडखळलं की तो थांबायचा, मी निघालो की निघायचा. समोरच्या गेटमधून कुत्रा भुंकला की त्याची मान आजही ताठ होते, ते रक्तातच आहे. तरीही आधी माझ्याकडे बघतो.

*

आमची कॉकर स्पॅनियल लहानपणी तोंडातली वस्तू सोडत नसे. जवळ गेलं की गुरगुरायची. गुरगुरणं बंद करायच्या मागे लागू नका, असं आम्हाला डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मीही इथे तेच सांगेन. तो इशारा असतो. तो दाबला तर कुत्रा इशारा न देता चावायला शिकतो. आम्ही अदलाबदल करत गेलो. 'सोड' म्हणायचं, त्याहून चांगलं काही पुढे करायचं, तिने सोडलं की ते द्यायचं, आणि शक्य असेल तेव्हा तिची मूळ वस्तूही परत द्यायची. माणसाने मागितलं म्हणजे आपलं काही जात नाही, हे तिला पटायला बराच काळ लागला.

गेल्या वर्षी घरी आलेल्या एकांच्या बॅगेतून तिने बिनसाखरेच्या च्युइंगमचं पाकीट पळवलं. त्यात झायलिटॉल होतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि यकृतालाही धोका असतो. ती सोफ्याखाली होती, पाकिटाचा कागद फाटायला लागला होता. मी 'सोड' म्हटलं. तिने पाकीट खाली ठेवलं आणि माझ्या हाताकडे बघत बसली, मोबदल्याची वाट पाहत. गोळ्या मोजल्या, सगळ्या होत्या. त्या दिवशी तिला फ्रीजमधलं जे मागेल ते दिलं.

*

माझी गोष्ट दुसऱ्या टोकाची. माझा कुत्रा म्हातारा होऊन गेला.

लहानपणी इतका भुंकायचा की नुसत्या शब्दांनी काही शिकवणं अशक्य होतं. म्हणून 'बस', 'ये', 'थांब' सगळं हाताच्या खुणेने शिकवलं, शब्द नंतर जोडले. तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला ऐकू येईनासं झालं. मागून कोणी आलं तर दचकायचा. पण खुणा त्याला पक्क्या आठवत होत्या. तळहात उभा केला की जिन्याशी थांबायचा, हात छातीकडे ओढला की यायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी शिकवलेलं असं उपयोगाला आलं. बहिरेपणात तो एकटा पडला नाही. दर थोड्या वेळाने माझ्या हातांकडे बघायचा, आणि मीही काही सांगायचं नसताना खूण करायचो, 'छान'.

ज्यांचं पिल्लू लहान आहे त्यांनी शब्दाबरोबर खूणही शिकवा.

*

वरचं सगळं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या पहिल्या कुत्रीने आम्हाला दोन वर्षं घाम फोडला होता. उड्या मारणं, ताटात तोंड, दारातून पळणं, सगळं. आता ती सात वर्षांची आहे आणि दोन महिन्यांपूर्वी घरात नवीन पिल्लू आलंय, तितकंच व्रात्य.

ते तिच्या कानाला लोंबकळतं. ती आधी तोंड फिरवते. मग अंग ताठ करते. तरी ऐकलं नाही तर एक दबकं गुरगुरणं, दात न लावता, आणि पिल्लू खाली बसतं. लगेच ती त्याच्याबरोबर पुन्हा खेळायला लागते. दार उघडलं की ती उंबऱ्याशी बसून माझ्याकडे बघते आणि हल्ली पिल्लूही तिच्या बाजूला येऊन टेकतं, का ते त्याला अजून ठाऊक नाही. दोघांना वेगवेगळं शिकवायला वेळ मी ठरवून काढते, कारण पिल्लाने फक्त तिच्याच मागे फिरावं असं मला नकोय. पण अर्ध्याहून जास्त काम तीच करते.

चावरेपणासाठी फडका गोठवायची युक्ती उद्यापासून करून बघते.