हरल्यावरही टिकलेला प्रशिक्षक

विश्वचषक हरला की प्रशिक्षकाला नारळ द्यावा, हे मत रग्बी प्रशिक्षक ग्रॅहम हेन्रीच्या बाबतीत पटत नाही. मूळचा शाळेचा मुख्याध्यापक. ऑकलंड, ब्लूज, वेल्स असे संघ करत २००४ मध्ये ऑल ब्लॅक्सकडे, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडे आला. २००७ च्या विश्वचषकात कार्डिफमध्ये उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सकडून १८-२० हार! तरी न्यूझीलंडने दुसरा दावेदार प्रशिक्षक रॉबी डीन्सऐवजी त्यालाच ठेवलं.

२०११ च्या विश्वचषकाची अंतिम लढत, समोर पुन्हा फ्रान्सच. खेळाची सूत्रं सांभाळणाऱ्या फ्लाय-हाफच्या जागेवरचे कार्टर, स्लेड आधीच जायबंदी, क्रूडेनचा गुडघा सामन्यातच गेला. मग उतरला चौथ्या पसंतीचा स्टीफन डोनाल्ड. अंगात तोकडी, पोटावरून वर सरकणारी जर्सी. संघाचं बोलावणं आलं तेव्हा हा गडी नदीवर मासे पकडत होता म्हणे! त्याच्याच पेनल्टीने न्यूझीलंड ८-७ जिंकलं. नशीब म्हणा हवं तर, पण हेन्री तिथवर टिकला तरी होता ना?