मदत हवी आहे : पद्मिनीच्या डिस्कला कॅलिपर जुळेना

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. खंबाटकी घाट उतरताना ड्रम तापले की पेडल पार खाली जातं, आणि मागे आई बसलेली असली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायला घेतले.

घोळ असा झालाय की हबला (चाकाच्या मधल्या भागाला) बसणारी डिस्क सॉलिड, १० मिमी जाड मिळाली आणि कॅलिपर (पिस्टनने डिस्कवर पॅड दाबणारे भाग) मिळाले १७ मिमीच्या व्हेंटिलेटेड, म्हणजे मधे हवेच्या फटी असलेल्या डिस्कचे. विकणारा म्हणतो, "पिस्टन पुढे येऊन भरून काढेल." नवीन पॅडवर काढेलही. पण पॅड झिजल्यावर तोच पिस्टन सात मिमी जास्त बाहेर येणार. सील सोडून तेल गेलं तर? मला हे पटत नाही.

दुसरं म्हणजे, पॅडला निळी शाई लावून डिस्क फिरवून पाहिली. पॅडच्या वरच्या कडेला तीन मिमीची पट्टी निळीच राहिली, म्हणजे तेवढा पॅड डिस्कच्या बाहेर आहे.

कॅलिपर धरणारं ब्रॅकेट लेथवाल्याकडून नव्याने करून कॅलिपर खाली घ्यावा, की १७ मिमीचीच डिस्क शोधून हबला बसवावी? शिवाय ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) लाइनीत दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर पॅड सतत घासतील ना? मास्टर सिलेंडरच बदलला असेल तर बोअर (आतला व्यास) किती घेतला?

ज्यांनी स्वतःच्या पद्मिनीवर हे काम केलंय, त्यांनी कृपया मापांसकट सांगा. तोवर गाडी स्टँडवरच आहे.