कॅम्पर मागून फार आपटते, एअर बॅग टाकू, पाटा वाढवू का शॉकअप बदलू?

गोगलगाय_घर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. आमची हाय रूफ पॅनल व्हॅन आहे, आधी मालवाहतुकीत पळायची, दोघांनी दोन वर्षं खपून तिचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, केला. पुढे स्ट्रट आणि कॉइल (गोल स्प्रिंग), मागे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), एकूण वजनाची मर्यादा 3500 किलो. तर त्रास असा की पुलावरचे सांधे आले की मागून टकाटक आणि जरा मोठा खड्डा आला की असा दणका बसतो की ड्रॉवरची कडी सुटून सगळे चमचे पॅसेजमध्ये. मागच्या बेडवर कोणी झोपलं असेल तर विचारूच नका. वळणावर डुलते पण, शेजारून मोठा ट्रक गेला की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं.

एक मेकॅनिक म्हणाला एक पाटा वाढवू, दुसरा म्हणाला मागे एअर बॅग (हवा भरलेली रबरी स्प्रिंग) टाका लोण्यासारखी चालेल, नवरा म्हणतो शॉकअप बदल. तिघं तीन दिशेला. टायरमध्ये चारही चाकांना 80 पीएसआय हवा आहे, मालवाहू असताना होती तेवढीच. पैसे एकदाच घालायचेत, नक्की काय करू?

बोल्ट_ते_बुश
ताई आधी पाकीट खिशात ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. पाणी, गॅस, कपडे, माणसं, प्रवासाला निघता तशी भरून. नुसतं एकूण वजन घेऊन येऊ नका, पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा, आणि काटेवाला ऐकत असेल तर डावं उजवं पण वेगळं. कॅम्परवाले नव्वद टक्के वेळा अंदाजावर स्प्रिंग घेतात आणि मग रडतात.

पाण्याची टाकी कुठे आहे? बहुतेक जण मागच्या कोपऱ्यात बसवतात कारण तिथे जागा सापडते. 100 लिटर म्हणजे 100 किलो, पण ती मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे लटकली आणि व्हीलबेस (पुढच्या मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 3.6 मीटर असला तर मागच्या ॲक्सलवर 133 किलो पडतं आणि पुढून 33 किलो उचललं जातं. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग वाऱ्यावर जातं, तुमचं ट्रकवालं दुखणं थोडं तिथलंही असू शकतं.

आणि काट्यावरून आल्यावर मागे खाली वाकून बंप स्टॉप बघा, म्हणजे ॲक्सलच्या वर चेसिसला जो रबराचा गट्टू असतो तो. त्याच्यात आणि ॲक्सलमध्ये किती फट आहे ते मोजा, गाडी भरलेली असतानाच.

रिकामी_टाकी
एअर बॅग टाकूच नका असं माझं स्पष्ट मत. मी टाकल्या होत्या, गाडी पहिल्यापेक्षा कडक झाली. बसवणाऱ्याने दोन्ही बॅगांना एकच पाइप टी लावून जोडला, वर म्हणाला असंच असतं. वळणावर गाडी झुकली की दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळायची आणि गाडी अजूनच झुकायची, घाटात अक्षरशः पोटात गोळा. नंतर मीच दोन वेगळ्या लाइन आणि दोन व्हॉल्व्ह केले तेव्हा झुकणं कमी झालं, पण दणके तसेच. शेवटी काढून टाकल्या.

अर्धवट_इंजिनिअर
@रिकामी_टाकी दादा तुमची गाडी तर निम्मी रिकामी असते हो, बेड आणि दोन पेट्या, बाकी मोकळी. तुमच्याकडे आधीच जड मालासाठीची स्प्रिंग होती, त्यावर अजून एक स्प्रिंग चढवली तर कडकच होणार. असल्या बॅगा पाट्याच्या जागी बसत नाहीत, पाट्याच्या जोडीला बसतात, हे विकणारा सांगत नाही.

थोडं गणित झेपत असेल तर सांगतो, नाहीतर खालचा परिच्छेद सोडा. वजनाने स्प्रिंग किती बसते त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावे खाते ते कळतं. 10 सेंटिमीटर बसली तर साधारण 1.6 वेळा, 5 सेंटिमीटर बसली तर 2.2 वेळा. 1 ते 1.5 च्या आसपास अंगाला बरं वाटतं. उभ्या हादऱ्यांत माणसाला सगळ्यात जास्त 4 ते 8 हर्ट्झचे (सेकंदाला 4 ते 8 वेळा) टोचतात, पोट आणि पाठ तिथेच कुरकुरते.

आता मुद्दा. गोगलगाय ताईंची गाडी कायम भरलेली आहे, म्हणजे त्यांची स्प्रिंग कडक असायचं कारणच नाही. मला शंका वेगळीच आहे, स्प्रिंगची दबायची जागाच संपतेय. ॲक्सल वर येतो, रबराला टेकतो, आणि तिथून पुढे पाटा नाही, रबर काम करतं. आपल्याला वाटतं गाडी कडक आहे, खरं तर ती जास्त बसलीय. अशा गाडीला थोडी उंची दिली तर ती मऊ वाटते, उलटं वाटेल पण असंच आहे. म्हणून ती फट मोजा, सगळा निकाल तिच्यावर आहे.

गोगलगाय_घर
मोजून आले!! पुढे 1580, मागे 1910, एकूण 3490, म्हणजे मर्यादेला नाक लागलंय, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मागे डावीकडे 1020 आणि उजवीकडे 890. टाकी डाव्या मागच्या कोपऱ्यातच आहे, हसू नका.

आणि ती फट, डावीकडे 12 मिलिमीटर, उजवीकडे 25. डाव्या रबराच्या टोकाला एक गोल चकचकीत डाग पडलाय, मी आधी तेल समजून पुसायला गेले, ते तर घासून घासून गुळगुळीत झालेलं निघालं.

बोल्ट_ते_बुश
घ्या, सापडला चोर. 12 मिलिमीटर म्हणजे तुमचं बोट पण नीट जाणार नाही, खड्ड्यात दणका बसेल नाहीतर काय.

आता माझं ऐका, एकेक करा, मध्ये गाडी चालवून बघा, सगळं एकदम केलं की कशाने बरं वाटलं ते कळतच नाही. आधी टाकी ॲक्सलच्या पुढे आणि उजवीकडे घ्या. नंतर हवा. 80 पीएसआय ही टायरला पूर्ण भार असताना लागते, तुमचं पुढचं चाक 790 किलो उचलतंय. टायर कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता मिळतो, चाकावर मोजलेलं वजन धरून त्यात बघा, वर थोडं राखून ठेवा, आणि थंड टायरवर भरा. फक्त टायरवर सीपी लिहिलं असेल तर तो कॅम्परचा वेगळा टायर, त्याला त्याच्या कंपनीने सांगितलेलीच हवा, तिथे मनाने कमी करायची नाही. पुलावरची टकटक बरीचशी हवेची असते, स्प्रिंगचा त्यात फार हात नाही.

मग शॉकअप. कोपरा दाबून सोडायची टेस्ट एवढ्या जड गाडीला उपयोगाची नाही, पाट्यांच्या घर्षणातच ती थांबते, मेलेला शॉकअप पण पास होतो. तेल ओघळलंय का, बुश (जोडांमधली रबरं) फाटलेत का ते बघा, आणि मालवाहू आयुष्यातलेच असतील तर विचार न करता बदला. नवे घेताना मोजलेलं वजन सांगून घ्या. फार कडक घेतले तर बारीक खडबडीत रस्ता जसाच्या तसा कण्यात येतो.

एक गोष्ट गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभं राहून बघा. पाट्याचे आणि शॉकअपचे रबरी बुश असलेले बोल्ट चाकं जमिनीवर टेकून, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच शेवटचे आवळायचे. लिफ्टवर लोंबत्या ॲक्सलवर आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी ताठ चालते आणि बुश लवकर फाटतो. निम्मे लोक लिफ्टवरच आवळून मोकळे होतात.

अर्धवट_इंजिनिअर
पाट्यांच्या टोकांमधल्या प्लास्टिकच्या चकत्या पण बघा. त्या झिजल्या की लोखंडावर लोखंड घासतं, बारीक धक्क्याला पाटा हलतच नाही, अख्खी गाडी उचलली जाते. ग्रीस चोपडू नका, धूळ धरतं आणि सँडपेपर होतो.

आणि मागची उंची वाढवलीच तर दोन गोष्टी. हेडलाइट खाली जातात, सेट करून घ्या. जुन्या व्हॅनला मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा भार व्हॉल्व्ह असतो, मागून गाडी उंच झाली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तो परत सेट करावा लागतो. आणि पाटा वाढवला काय नि बॅग टाकली काय, 3500 ची मर्यादा तीच राहते, कागदावर बदल होत नाही तोवर.

गोगलगाय_घर
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, टाकी हलवणं म्हणजे अर्धं किचन उपसणं होतं. आता मागे 1860, डावीकडे 950 उजवीकडे 910, डावी फट 22 मिलिमीटर. टायर साधे निघाले, तक्ता बघून पुढे 50 मागे 62 केली, टकटक त्याच दिवशी निम्मी. चकत्या चारातल्या तीन गायब होत्या, नव्या टाकल्या. शॉकअप बदलले, गॅरेजवाल्याने लिफ्टवरच पाना लावला होता, मी म्हटलं दादा खाली घ्या, तो वैतागला पण घेतली.

ड्रॉवर परवा मोठ्या खड्ड्यातही बंद राहिला. खूप मोठा आला तर अजून टेकते, म्हणून पाटे नव्याने बांधून घ्यायचे की कमी हवेच्या बॅगा टाकायच्या यावर घरात वाद चालू आहे. @रिकामी_टाकी, तुमचे ते दोन व्हॉल्व्ह पडून आहेत का?

रिकामी_टाकी
आहेत, पण एक गळतो. दुसरा घेऊन जा.