केळीच्या शेतातली भूमिती

आयुष्यभर चेहरे टिपलेला छायाचित्रकार उतारवयात नुसत्या रेषा-आकारांकडे का वळतो, असा प्रश्न आलाय. मला ते स्वाभाविक वाटतं. चेहऱ्यामागची मांडणी तो आधीपासूनच पाहत असतो.

अशा रेषा-आकारांच्या फोटोंची सुरुवात खानदेशात नव्या केळी लागवडीपासून करावी. काळ्या मातीवर ठिबकची काळी नळी एरवी दिसतही नाही, पण सकाळच्या तिरप्या उजेडात तिच्या पाठीवर चकाकती रेघ उमटते. फार सुंदर दिसतं ते! दूरचं जवळ आणणारी ७०-२०० मिमी लेन्स घ्या, तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८. गडद चौकटीत कॅमेरा माती राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर -१, म्हणजे एक पायरी गडद, ठेवा. मे महिन्यात उन्हं तापली की रेषा थरथरतात; तो दोष तापलेल्या हवेचा, शटरचा वेग वाढवून जात नाही. आकाश मात्र चौकटीबाहेरच ठेवा. ते शिरलं की नुसता शेताचा फोटो उरतो.